‘गुलामगिरी’ ग्रंथाचे कर्ते जोतीराव फुले

अन्यायाशीं झगडलेल्या थोर पुरुषांचीं चरित्रें वाचूं लागलें म्हणजे असें दिसून येतें कीं, त्यांपैकीं कित्येकांनीं हातीं शस्त्र घेतलें व कित्येकांनीं लेखणी घेतली. शस्त्र घेणाऱ्यांच्या कथा मुलांस लवकर आवडतात. आपल्या चिंचवडच्या चापेकर बंधूंचें आणि खेडच्या राजगुरूंचें नांव या भागांतील लहानथोर सर्वांस ठाऊक आहे, आणि तें असावें हें योग्यच आहे. परंतु शेंकडों वर्षें चालत आलेल्या अन्यायाचा शोध करणें, तो लोकांस समजेल अशा भाषेंत लिहून काढणें, आणि त्यापायीं घर, पैसा व प्रतिष्ठा यांची पर्वा न करणें, यासहि मोठें धैर्य लागतें. असें धैर्य ज्यांनीं दाखविलें त्या जोतीराव गोविंदराव फुले यांचें चरित्र आज विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

फुल्यांचें मूळ घराणें सातारा जिल्ह्यांतील कटगुण गांवचें व मूळ आडनांव गोऱ्हे. जोतीरावांच्या पणजोबांचा गांवच्या कुळकर्ण्याशीं बेबनाव झाला आणि त्यांस गांव सोडावें लागलें. तें कुटुंब पुरंदर तालुक्यांतील खानवडी येथें येऊन राहिलें व तेथून पुढें पुण्यास आलें. पुण्यांत त्यांनीं फुलांचा धंदा पत्करला. पेशव्यांच्या वाड्यावर फुलें पुरविण्याचें काम त्यांच्याकडे आलें आणि धंद्यावरूनच लोक त्यांस फुले म्हणूं लागले. अशा या माळी कुटुंबांत १८२७ सालीं जोतीरावांचा जन्म झाला. ते वर्षाचेहि झाले नसतील तोंच त्यांची आई चिमणाबाई वारली. सगुणाबाई क्षीरसागर या नात्यांतील बाईंनीं त्यांस आईच्या मायेनें वाढविलें. सगुणाबाई एका मिशनरी साहेबाच्या घरीं मुलें सांभाळण्याचें काम करीत. शिक्षणानें मनुष्य कसा सुधारतो हें त्यांनीं तेथें पाहिलें होतें, आणि जोतीबास शाळेंत घालावें असा त्यांचा गोविंदरावांजवळ नेहमीं आग्रह असे.

पंतोजीच्या शाळेंत जोतीराव थोडें लिहावयास व हिशेब करावयास शिकले. परंतु माळ्याच्या मुलास विद्या काय करावयाची, तो शेतीच्या कामांतून उठेल, असें लोकांनीं गोविंदरावांच्या मनांत भरविलें, आणि मुलाच्या हातांत पाटीऐवजीं खुरपें आलें. दिवसा मळ्यांत काम करावें आणि रात्रीं दिव्याशीं बसून मिळेल तें वाचावें असा त्यांचा क्रम सुरू झाला. त्यांची ही आवड शेजारीं राहणारे मुनशी गफ्फार बेग आणि लिजिट साहेब या दोघांच्या नजरेस आली. त्यांनीं गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ सालीं जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेंत दाखल झाले. लग्न होऊन एक वर्ष लोटलेल्या या चौदा वर्षांच्या मुलाचें नशीब एका मुसलमान व एका ख्रिस्ती गृहस्थाच्या शब्दानें उघडलें, ही गोष्ट पालकांनीं विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. शेजारच्या मुलाची बुद्धि ओळखून त्याच्या बापाशीं चार शब्द बोलणें एवढें काम कोणासहि करतां येतें.

मिशन शाळेंत त्यांस सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर आणि सखाराम यशवंत परांजपे असे जिवाचे मित्र मिळाले. हे मित्र ब्राह्मण होते आणि पुढें जोतीरावांच्या प्रत्येक कार्यांत त्यांनीं साथ दिली. लहुजी साळवे या वस्तादांच्या आखाड्यांत जोतीराव दांडपट्टा शिकले. १८४७ सालीं शिक्षण पुरें होण्याच्या सुमारास त्यांच्या हातीं थॉमस पेन या लेखकाचा मनुष्याच्या हक्कांवरील ग्रंथ आला. हा पेन मोठा धाडसी पुरुष होता. सर्व माणसें जन्मतः समान आहेत व राज्य हें लोकांच्या कल्याणासाठीं आहे, असें त्यानें या ग्रंथांत प्रतिपादन केलें. त्याबद्दल इंग्लंडच्या सरकारानें त्याच्यावर खटला भरला. १७९२ सालीं तो फ्रान्सांत निघून गेला, त्याच्या पाठीमागें त्यास दोषी ठरविण्यांत आलें, आणि पुन्हां त्यास मायदेशीं पाऊल ठेवतां आलें नाहीं. एका देशानें हद्दपार केलेलें पुस्तक अर्धशतकानंतर हजारों कोसांवर पुण्याच्या एका माळ्याच्या मुलाच्या हातीं पडलें आणि त्याच्या विचारांस त्यानें दिशा दिली.

१८४८ सालीं एक असा प्रसंग घडला कीं, पुस्तकांत वाचलेला अन्याय जोतीरावांस स्वतः अनुभवावा लागला. एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातींत ते गेले होते. आमंत्रण मित्राचेंच होतें. परंतु हा माळी आमच्या बरोबरीनें चालतो हें वरातींतील कांहीं मंडळींस खपलें नाहीं, आणि त्यांनीं सर्वांदेखत जोतीरावांचा अपमान करून त्यांस मागें हटविलें. घरीं येऊन त्यांनीं ही हकीकत वडिलांस सांगितली. गोविंदरावांनीं जुना काळ पाहिला होता. पूर्वीं अशा अपराधास याहून किती कठोर शिक्षा होत असे, याचीच आठवण त्यांनीं मुलास करून दिली व गप्प बसण्याचा सल्ला दिला. त्या रात्रीं जोतीरावांस झोंप लागली नाहीं. आपला अपमान झाला एवढ्यावरच त्यांचा विचार थांबला नाहीं. मिशन शाळेंत शिकलेल्या माळ्याची जर ही अवस्था, तर ज्यांस शाळेची पायरीहि चढूं देत नाहींत त्या महार-मांगांची व घरांतल्या स्त्रियांची अवस्था काय असेल, हा प्रश्न त्यांच्या मनांत उभा राहिला.

त्याच वर्षीं ते अहमदनगरास गेले असतां तेथील अमेरिकन मिशनच्या फॅरार बाईंची मुलींची शाळा त्यांनीं पाहिली. परत येतांच त्यांनीं पुण्यांत बुधवार पेठेंतील भिडे यांच्या वाड्यांत मुलींसाठीं शाळा काढली. मुलींस शिकवावयास शिक्षिका मिळेना, म्हणून जोतीरावांनीं आपल्या पत्नीस, सावित्रीबाईंस, घरींच शिकवून तयार केलें. सावित्रीबाई सातारा जिल्ह्यांतील नायगांवच्या. त्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा. सतरा वर्षांची ही मुलगी शाळेंत शिकवावयास निघाली म्हणजे रस्त्यांत लोक तिची टवाळी करीत, अंगावर शेण व चिखल टाकीत. त्या शांतपणें शाळेंत जात, लुगडें बदलीत व शिकविण्यास आरंभ करीत. भिडे यांचा तो वाडा पुढें फार जीर्ण झाला होता. तो २०२३ सालीं उतरविण्यांत आला व त्या जागीं या शाळेचें स्मारक उभारावयाचें ठरलें.

शाळा निघाल्याबरोबर गोविंदरावांवर चोहोंकडून दडपण येऊं लागलें. तुमचा मुलगा धर्म बुडवितो, त्यास आवरा, नाहीं तर तुम्हांस जातीबाहेर व्हावें लागेल, असें त्यांस बजावण्यांत आलें. म्हातारा मनुष्य घाबरला. शाळा सोड, नाहीं तर घर सोड, असा प्रश्न त्यांनीं मुलापुढें टाकला. १८४९ सालीं जोतीराव व सावित्रीबाई अंगावरच्या वस्त्रांनिशीं घराबाहेर पडलीं. पणजोबांस गांव सोडावें लागलें होतें, आणि पणतूस घर. हद्दपारीची शिक्षा सरकारच देतें असें नाहीं. समाजहि ती देतो, आणि कधीं कधीं ती आपल्या जन्मदात्याच्या तोंडून वदवितो. गोविंदरावांस आपण दोष देऊं नये. मुलावर त्यांचें प्रेम होतें, पण लोकांचें भय त्याहून मोठें होतें. ज्या रूढीमुळें बापास असा प्रश्न विचारावा लागतो, तिचा दोष जोतीरावांनीं ओळखला, म्हणून त्यांनीं पुढें सर्व आयुष्य त्या रूढीशीं लढण्यांत घालविलें.

पोट भरण्याच्या खटपटींत कांहीं काळ शाळा बंद ठेवावी लागली. १८५१ च्या ३ जुलैस त्यांनीं बुधवार पेठेंतील चिपळूणकरांच्या वाड्यांत पुन्हां मुलींची शाळा उघडली. पहिल्या दिवशीं आठ मुली आल्या. त्याच वर्षीं रास्ता पेठेंत व पुढच्या वर्षीं वेताळ पेठेंत आणखी शाळा निघाल्या, आणि महार-मांगांच्या मुलांसाठींहि निराळ्या शाळा सुरू झाल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजीं विश्रामबाग वाड्यांत मेजर कँडी यांच्या हस्तें सरकारनें त्यांचा जाहीर सत्कार केला. ज्या शहरांत त्यांस वरातींतून हटविलें, त्याच शहरांत चार वर्षांनीं त्यांच्या अंगावर शाल पडली.

त्या शाळांतील एका विद्यार्थिनीची हकीकत आमच्या मुलामुलींनीं अवश्य ऐकावी. मुक्ताबाई नांवाची मांग जातीची एक लहान मुलगी तेथें शिकत होती. तिनें महार-मांगांच्या दुःखाविषयीं एक निबंध लिहिला आणि तो १८५५ सालीं अहमदनगरच्या ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या पत्रांत छापून आला. आमच्या लोकांस इमारतींच्या पायांत पुरीत, विद्या शिकूं देत नसत, बाळंतपणींहि आमच्या स्त्रियांस धड निवारा मिळत नसे, असें तिनें त्यांत निर्भीडपणें मांडलें. थोडींच वर्षें शाळेंत गेलेल्या मुलीनें आपल्या जातीचा इतिहास स्वतःच्या हातानें लिहिला, असें या देशांत त्यापूर्वीं क्वचितच घडलें असेल. शाळेच्या मासिकांत निबंध देतांना तो गुणांसाठीं द्यावा कीं सांगण्यासारखें कांहीं आहे म्हणून द्यावा, याचा विचार करतांना मुक्ताबाईची आठवण ठेवावी.

पुढील वीस वर्षें जोतीरावांनीं एकामागून एक कामें अंगावर घेतलीं. १८५५ सालीं दिवसा राबणाऱ्या शेतकऱ्यांसाठीं व मजुरांसाठीं त्यांनीं रात्रीची शाळा काढली. याच सालीं ‘तृतीय रत्न’ हें नाटक लिहिलें. या सुमारास त्यांस मारण्यासाठीं दोन मारेकरी घरीं पाठविण्यांत आले होते. जोतीराव जागे झाले, त्यांनीं त्या माणसांची विचारपूस केली, आणि गरिबीपायीं पैसे घेऊन आलेले ते दोघे त्यांचे अनुयायी बनले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रकारांनीं दिली आहे. १८६३ सालीं निराधार विधवांसाठीं व त्यांच्या अर्भकांसाठीं त्यांनीं आपल्या घरीं आश्रयगृह उघडलें. स्वतःस मूलबाळ नव्हतें, म्हणून तेथें जन्मलेला एक मुलगा त्यांनीं दत्तक घेतला व त्याचें नांव यशवंत ठेविलें. १८६८ सालीं आपल्या घरचा पाण्याचा हौद त्यांनीं अस्पृश्यांस खुला केला. निर्वाहासाठीं ते सरकारी बांधकामांचे ठेके घेत. खडकवासल्याच्या धरणास त्यांनीं सामान पुरविलें. समाजकार्य करणाऱ्या मनुष्यानें दुसऱ्याच्या पैशावर जगूं नये, ही शिस्त त्यांनीं स्वतःस लावून घेतली होती.

आतां त्यांच्या मुख्य ग्रंथाकडे वळूं. ‘गुलामगिरी’ हें पुस्तक १८७३ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच्या आठच वर्षें आधीं, १८६५ सालीं, अमेरिकेंत गुलामांचा व्यापार करणारी ती दुष्ट पद्धति कायद्यानें बंद झाली होती. त्यासाठीं त्या देशांत चार वर्षें भयंकर यादवी युद्ध झालें, आणि काळ्या लोकांच्या मुक्ततेसाठीं लाखों माणसें प्राणास मुकलीं. जोतीरावांस या घटनेचा अत्यंत आनंद झाला. त्यांनीं आपलें पुस्तक अमेरिकेंतील त्या सदाचारी लोकांस अर्पण केलें, ज्यांनीं स्वार्थ सोडून गुलामांस मुक्त केलें, आणि आपल्या देशबांधवांनींहि तो कित्ता गिरवावा अशी इच्छा प्रकट केली. त्या काळच्या पुण्यांत बसून, समुद्रापलीकडच्या गुलामाचें दुःख व आपल्या गांवकुसाबाहेरच्या माणसाचें दुःख एकाच मापानें मोजणें, यांत त्यांच्या बुद्धीची झेप दिसून येते.

हें पुस्तक प्रश्नोत्तररूपानें लिहिलेलें आहे. धोंडिबा नांवाचा एक साधा मनुष्य शंका विचारतो आणि जोतीराव त्यांचें निरसन करतात. पुराणांतील दशावतारांच्या कथा घेऊन, बाहेरून आलेल्या आर्यांनीं येथील मूळच्या लोकांस जिंकलें, त्यांस शूद्र व अतिशूद्र ठरविलें आणि विद्येपासून दूर ठेविलें, असा अर्थ त्यांनीं लाविला. बळीराजा हा त्यांच्या दृष्टीनें येथील न्यायी राजा होय. पुराणकथांपासून इतिहास काढण्याची ही रीत आजच्या संशोधकांस सर्वांशीं मान्य नाहीं, आणि विद्यार्थ्यांनींहि त्यांतील प्रत्येक विधान सिद्ध झालेला इतिहास म्हणून पाठ करूं नये. त्यांची भाषाहि कित्येक ठिकाणीं फार कठोर आहे. परंतु ज्या गोष्टी त्यांनीं स्वतः पाहिल्या व लिहिल्या, त्या नाकारतां येत नाहींत. कुणब्याचें अज्ञान, त्याच्या अज्ञानावर चालणारा लिहिणाऱ्यांचा व्यवहार, धर्माच्या नांवानें होणारी लूट, आणि शेतकऱ्याच्या घामांतून आलेल्या सरकारी पैशानें फक्त वरच्या वर्गाचें शिक्षण, हें सर्व त्या वेळचें उघडें सत्य होतें. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या बाजूनें इतिहास लिहिला म्हणजे तो कसा दिसतो, हें मराठींत या पुस्तकानें दाखविलें.

पुस्तक लिहून ते स्वस्थ बसले नाहींत. त्याच वर्षीं २४ सप्टेंबर रोजीं पुण्यांत त्यांनीं सत्यशोधक समाजाची स्थापना केली. ईश्वर एक आहे, सर्व माणसें त्याचीं लेंकरें आहेत, आणि लेंकरास आपल्या आईबापाजवळ जावयास मध्यस्थ लागत नाहीं, हें या समाजाचें मूळ तत्त्व होतें. जोतीराव मिशन शाळेंत शिकले, मिशनऱ्यांचे उपकार त्यांनीं मोकळ्या मनानें मानले, परंतु ते ख्रिस्ती झाले नाहींत. आपला शोध आपण करावा असा त्यांचा स्वभाव होता, आणि ज्या शाळेनें मुलास स्वतः विचार करावयास शिकविलें, तिनें याबद्दल वाईट वाटून घेण्याचें कांहींच कारण नाहीं. १८७७ च्या दुष्काळांत समाजानें धनकवडी येथें उपाशी मुलांसाठीं अन्नछत्र चालविलें.

मतभेद आणि वैर यांत ते भेद करीत असत. १८८२ सालीं कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यांत टिळक व आगरकर या दोघा तरुण संपादकांस मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगांत जावें लागलें. त्यांचे व जोतीरावांचे विचार पुष्कळ बाबतींत जुळत नसत. तरीहि खटला चालू असतां दहा हजार रुपयांचा जामीन हवा होता तेव्हां जोतीरावांच्या शब्दावरून रामशेट बापूशेट उरवणे यांनीं तो दिला, आणि तुरुंगांतून सुटल्यावर सत्यशोधकांनीं त्या दोघांचा सन्मान केला. याच सालीं ताराबाई शिंदे यांचें ‘स्त्रीपुरुष तुलना’ हें पुस्तक निघालें व त्यावर चोहोंकडून टीका झाली. पंडिता रमाबाईंनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर त्यांच्यावरहि टीकेची झोड उठली. १८८५ सालीं ‘सत्सार’ या आपल्या छोट्या पत्रिकेंत जोतीरावांनीं या दोन्ही स्त्रियांची बाजू घेतली. अन्यायाविरुद्ध लिहिणारीचें पुस्तक बुडूं देणें हाहि अन्यायच, असें ते मानीत.

त्याच १८८२ सालीं हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणाची चौकशी करण्यासाठीं एक आयोग आला. जोतीरावांनीं त्यापुढें लेखी निवेदन सादर केलें. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, शिक्षक शेतकरी वर्गांतून तयार करावे, मुलांस मोडी व बालबोध वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल, आरोग्य व शेती यांचें ज्ञान द्यावें, अशा मागण्या त्यांनीं केल्या. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा आपल्या देशांत २०१० सालीं अमलांत आला, म्हणजे त्या निवेदनानंतर १२८ वर्षांनीं. सांगणाऱ्यानें सांगितल्यापासून ऐकणाऱ्यांनीं ऐकेपर्यंत किती पिढ्या निरक्षर गेल्या याचा हिशेब कोणीं करावा?

१८८३ सालीं त्यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ पुरा केला. शेतकरी कर्जांत कसा बुडतो, सावकार व कामगार त्यास कसे नाडतात, जंगल खात्यानें गुरें चारण्याचीहि सोय कशी हिरावून घेतली, याचें वर्णन करून ते थांबले नाहींत. डोंगरांवरून वाहून जाणारी माती व पाणी अडविण्यासाठीं ताली व बंधारे घालावे, विहिरी काढाव्या, गुरांची पैदास सुधारावी, शेतकऱ्यांच्या मुलांस शिकवावें, असे उपायहि त्यांनीं सुचविले. हा ग्रंथ छापून येण्यापूर्वींच ते गांवोगांव जाऊन वाचून दाखवीत. जुन्नर, ओतूर, हडपसर येथें त्याचें वाचन झालें. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनींहि तो ऐकून घेतला. पुण्याहून जुन्नरास जावयाचें म्हणजे वाट चाकण व खेडवरूनच जाते. ज्या वाटेनें हा म्हातारा होत चाललेला ग्रंथकार आपलें हस्तलिखित घेऊन शेतकऱ्यांकडे गेला, त्याच वाटेवर आज आपले कारखाने उभे आहेत. आपल्या कित्येक विद्यार्थ्यांचे आजोबा-पणजोबा त्याच जमिनीवर शेती करीत होते, तेव्हां हा ग्रंथ आपल्याच घरच्या माणसांवर लिहिलेला आहे असें समजण्यास हरकत नाहीं.

या ग्रंथाच्या संबंधांत एका स्नेह्याशीं त्यांचा मतभेद झाला, तोहि सांगितला पाहिजे. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीरावांचे सहकारी. त्यांचें मूळ गांव आपल्या शेजारच्या खेड तालुक्यांतील कन्हेरसर. सत्यशोधक मताचें ‘दीनबंधु’ हें पत्र कृष्णराव भालेकर यांनीं १८७७ सालीं पुण्यांत काढलें होतें, तें १८८० पासून लोखंडे मुंबईस चालवीत. असुडाचीं पहिलीं दोन प्रकरणें त्यांनीं पत्रांत छापलीं आणि पुढचीं छापण्याचें थांबविलें. सरकारवरील टीका पत्रास भोंवेल अशी धास्ती होती. जोतीरावांस याचा राग आला व तो त्यांनीं लपविला नाहीं. परंतु लोखंडे यांनीं आपलें कार्य सोडलें नाहीं. मुंबईच्या गिरण्यांत मजूर त्या वेळीं पहांटेपासून दिवस मावळेपर्यंत राबत व त्यांस ठरलेली सुटी नसे. लोखंडे यांनीं १८८४ सालीं त्यांच्या सभा भरविल्या, त्यांची संघटना केली, आणि १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं आठवड्याची एक सुटी, रविवारची, मान्य केली. पिंपरी, भोसरी, चाकण येथील कारखान्यांत काम करणाऱ्या पालकांस आठवड्यांतून एक दिवस मुलांजवळ बसतां येतें, त्याच्या मुळाशीं कन्हेरसरच्या या सत्यशोधकाचे कष्ट आहेत. एका ग्रंथाच्या छपाईवरून रागावलेल्या त्या दोघांचें काम शेवटीं एकाच ठिकाणीं जाऊन मिळालें.

१८८८ सालीं राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यांत मेजवानी झाली. उंची पोशाख केलेल्या पाहुण्यांत जोतीराव फाटक्या शेतकऱ्याच्या वेषानें जाऊन बसले, आणि उठून त्यांनीं राजपुत्रास सांगितलें कीं, या झगमगणाऱ्या मंडळींस हिंदुस्थानची प्रजा समजूं नये, खरी प्रजा खेड्यांत उघडी व निरक्षर आहे, तिच्या शिक्षणाची गोष्ट राणीच्या कानीं घालावी. त्याच वर्षीं ११ मे रोजीं मुंबईस मांडवी येथील कोळीवाड्याच्या सभागृहांत लोकांनीं त्यांचा सत्कार करून त्यांस महात्मा ही पदवी दिली. ती कोणा राजानें दिली नव्हती. कोळी, माळी, कुणबी, गिरणीमजूर अशा श्रमकरी लोकांनीं दिली होती.

दोन महिन्यांनीं त्यांस अर्धांगवायूचा झटका आला व उजवी बाजू लुळी पडली. घरांत पैसा उरला नव्हता. औषधपाण्यासाठींहि स्नेह्यांच्या मदतीवर अवलंबून राहावें लागलें. तरीहि त्यांनीं डाव्या हातानें लिहिण्याचा सराव केला आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हा शेवटचा ग्रंथ पुरा केला. तो यशवंतरावांनीं १८९१ सालीं प्रसिद्ध केला, पण तें पाहावयास जोतीराव राहिले नव्हते. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं त्यांनीं देह ठेविला. अंत्ययात्रेच्या वेळीं दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांनीं तंटा उपस्थित केला. तेव्हां सावित्रीबाईंनीं स्वतः टिटवें हातीं धरलें व त्या प्रेताच्या पुढें चालूं लागल्या. पुढें १८९७ च्या प्लेगांत रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्यांनाहि त्या रोगानें गांठलें आणि १० मार्च रोजीं त्या वारल्या. ज्या पुण्यांत त्यांच्यावर चिखल फेंकला गेला, तेथील विद्यापीठास २०१४ सालापासून त्यांचें नांव आहे.

जोतीरावांच्या चरित्रापासून आपण काय घ्यावें? अन्याय दिसला कीं रागावणें सोपें आहे, आणि विसरून जाणें त्याहून सोपें आहे. त्यांनीं तो लक्षपूर्वक पाहिला, त्याचीं कारणें शोधलीं, तीं लिहून काढलीं, आणि लिहिलें त्याप्रमाणें प्रथम आपल्या घरीं आचरण केलें. पत्नीस शिकविलें, मग मुलींची शाळा काढली. हौद खुला केला, मग समाज स्थापिला. पालकहो, आपल्या मुलीस, शेजारच्या गरीब मुलास, परप्रांतांतून कामासाठीं आलेल्या मजुराच्या लेंकरास शाळेंत जावयास कोण अडवीत आहे, याची चौकशी गफ्फार बेग मुनशींप्रमाणें आपणहि करावी. आणि विद्यार्थ्यांनो, वाचनालयांत इतिहासाचें पुस्तक उघडाल तेव्हां तें कोणीं लिहिलें व त्यांत कोणाची हकीकत लिहावयाची राहिली आहे, एवढा प्रश्न स्वतःस विचारा. त्या राहून गेलेल्या हकीकतींपैकीं एखादी आपल्या घरांतल्या, आपल्या आळींतल्या वृद्ध माणसास ठाऊक असेल. ती त्यांच्याकडून ऐकून घ्या आणि शुद्ध अक्षरांत लिहून ठेवा.